फुलंब्रीचे बेडूक

तुमच्या पीएच.डी.चा विषय काय होता, असं कुणी विचारलं की मी आधी समोरच्याचं तोंड बघून घेते. बेडूक म्हटलं की माणूस हसतो. सभ्य असला तर ओठांत हसतो, नात्यातला असला तर मोकळेपणानं हसतो आणि मग हमखास विचारतो, "म्हणजे डराव डराव?" हो बाबा, डराव डराव. उमेदीची सगळी वर्षं मी खाम नदीच्या काठावर गुडघाभर घाणीत उभी राहून घालवली, कोणत्या जातीचा बेडूक नदीची खरी हालत सांगेल ते शोधत. आता निवृत्त झाल्यावर तरी डोकं शांत व्हावं की नाही? नाही होत. तो सगळा प्रकार आठवला की अजून डोक्यात तिडीक जाते.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, पण तेव्हाच्या गोष्टीत माझ्या तोंडी जुनंच नाव येतं. आमचं गाव शहराच्या खालच्या अंगाला. शहर आणि कारखान्यांची नवी वसाहत, दोन्हीकडचं सगळं पोटात घेऊन खाम आमच्याकडं यायची. घर मेंढरं राखणारं. वडील लवकर गेले, तेव्हापासून कळप मायनं सांभाळला. थोडी कोरडवाहू जमीन होती, मजुरी होती, पण तिचा जीव मेंढरांत. उन्हाळ्यात दुसरीकडं कुठं पाणी नसायचं, म्हणून कळप गावाखालच्या डोहावर पाण्याला जायचा. कारखाने आले तसा त्या डोहाला वरून एक नाला येऊन मिळाला. कधी त्याला फेस असायचा, कधी उग्र वास, कधी काहीच नाही. आणि मेंढ्या गाभडायला लागल्या, दिवस भरायच्या आत कोकरं टाकायला लागल्या. एक गाभडली, मग दुसरी, मग कोकरू जगलं तरी पायावर उभं राहीना. माय म्हणायची, कुणाची तरी नजर लागली. मी म्हणायचे, माय, नजर नाही, तो नाला आहे.

गाव गप्प बसलं होतं असं नाही. पाणी तपासणाऱ्या कार्यालयात लोक जाऊन आले. तिथून माणूस यायचा, डोहातलं पाणी बाटलीत भरून न्यायचा, आणि काही दिवसांनी कळायचं की पाणी बरं आहे. बरं असणारच. नाला काही रोज सुटत नव्हता, आणि तपासणीच्या दिवशी तर तो नेमका शहाण्यासारखा वागायचा. बाटलीला त्या घटकेचं पाणी कळतं. काल काय वाहून गेलं ते तिला काय माहीत? त्यासाठी बाराही महिने तिथंच राहणारा, त्याच पाण्यात अंडी घालणारा, कातडीतून तेच पाणी अंगात घेणारा कुणीतरी पाहिजे. बेडूक हे सगळं करतो. एम.एस्सी.च्या वर्गात हे वाचलं तेव्हाच मी ठरवलं की संशोधनाला हाच विषय घ्यायचा. डिग्री मला पाहिजे होतीच, पण त्याआधी तो नाला बंद करून पाहिजे होता.

आता कोणता बेडूक घ्यायचा, इथून डोक्याला ताप सुरू झाला. माझे मार्गदर्शक सर मनानं चांगले होते, पण त्यांचं आयुष्य मोठ्या पिवळ्या बेडकाच्या यकृतावर गेलेलं. कॉलेजात ट्रेमध्ये टाचण्या लावून चिरतात, तो. त्यांचं एकच म्हणणं, "मोठाच घे, परीक्षकांच्या ओळखीचा आहे." जसं काही मला परीक्षकांच्या घरात सोयरीक जमवायची होती. मी सांगायचे, सर, हा पावसाळ्यात हुंदडतो आणि उरलेलं वर्ष जमिनीत स्वतःला गाडून घेऊन झोपतो. याच्या अंगात विष सापडलं तरी ते नदीचं की कुणाच्या कपाशीवरच्या फवारणीचं, हे कोण सांगणार? सर चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "बघू."

मग ते म्हणाले, भेक घे. अंगावर चामखिळी असतात तो. अहो, भेक आमच्या उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीच्या मोरीतसुद्धा राहायचा. अंडी घालण्यापुरता पाण्यात जातो, बाकी दिव्याखालचे किडे खात खुशाल फिरतो. मोरीतल्या भेकाला नदीची खबर विचारण्यात काय अर्थ? सर पुन्हा म्हणाले, बघू. त्या दोन अक्षरांनी माझ्या तारुण्याचा जेवढा भाग खाल्ला तेवढा दुसऱ्या कशानं खाल्ला नसेल.

मला पाहिजे होता पाणबेडूक. करड्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा, नुसते डोळे वर काढून तरंगणारा. चाहूल लागली की पाण्यावरून टप टप उड्या मारत पळतो, पण पाणी सोडून लांब जात नाही. यावर सरांनी एक आक्षेप घेतला आणि तो खरा होता, एवढं मान्य केलं पाहिजे. ते म्हणाले, "तो गटारातही जगतो. एवढ्या निबर प्राण्याला तू पाण्याचं काय विचारणार?" मी बरेच दिवस डोकं धरून बसले. नाजूक जात घ्यावी तर ती कधीच नाहीशी झालेली, अभ्यासाला शिल्लकच नाही. निबर घ्यावी तर ती सगळीकडं मजेत, कशाची तक्रारच नाही.

मग एकदा शहराच्या वर असलेल्या हर्सूलकडून निघून नदीच्या कडेकडेनं गावापर्यंत चालत आले. वरच्या अंगाला पाणबेडूक भरपूर. शहरातल्या सांडपाण्यातसुद्धा होते, नाक दाबून मी बघत होते आणि ते आपले निवांत. नाला मिळतो त्या डोहावर आले, तिथं एकही नाही. काठानं पुन्हा पुन्हा फिरले, पाय आपटले, खडे टाकले. पाणी हललं आणि गप्प झालं. मला एवढा आनंद झाला की मी तिथंच चिखलात बसले. गटारात टिकणारा प्राणी जिथं टिकत नाही, तिथलं पाणी किती वाईट असेल? तो निबर होता म्हणूनच त्याच्या नसण्याला वजन होतं. तुलनेसाठी मी फुलंब्रीला मामाच्या शेताजवळचा गिरजा नदीचा पट्टा घेतला, कारण तिथं कारखाना नव्हता आणि मामीच्या हातचं जेवण होतं. हे सगळं सरांच्या गळी उतरवता उतरवता माझ्या नाकीनऊ आले.

ती विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याची वर्षं होती. विद्यापीठ कधी उघडं असेल आणि कधी बंद, याचा नेम नसायचा. आज मोर्चा, उद्या बंद, परवा फाटकावर पोलीस. मी हर्सूलहून अंडी आणून प्रयोगशाळेत टबमध्ये ठेवायची, पिलं बाहेर पडायची, आणि नेमकं तेव्हाच कुलूप लागायचं. उघडल्यावर आत जावं तर पाणी आटलेलं आणि तळाला काळा थर. फाटकावरच्या शिपायाला सांगावं की आत माझी पिलं आहेत हो, तर तो माझ्याकडं दयेनं बघायचा. खोलीत माझ्याबरोबर राहणारी मैत्रीण नामांतराच्या प्रत्येक मोर्चात असायची. तिच्या गावात या मागणीपायी तिच्या लोकांची घरं जळाली होती, ते ती फार बोलून दाखवायची नाही. मी चिडून टबांबद्दल बडबडत असले की ती शांतपणे भाकरी थापायची. एकदा म्हणाली, "तुला बेडकाचं उत्तर पाहिजे, आम्हाला नावाचं. दोघींना म्हणतात बघू. तुला निदान हसून म्हणतात." त्यानंतर मी तिच्यासमोर टबांचं रडगाणं गायले नाही.

गावी गेले की माय काठावर उभी राहून माझं काम बघायची. मी जाळी टाकायची, रिकामी काढायची, पुन्हा टाकायची. मायचं तोंड उतरायचं.

"आज बी नाय घावला व्हय?"

"नाही, आणि नाही घावला तेच बरं."

"कामून?"

"माय, इथं बेडूक नाहीत, हेच मला दाखवायचंय."

"नसलेल्या गोष्टीची कोण डिगरी देतं?"

मी समजावून सांगायची. एकदा, दोनदा, दर खेपेला. पाण्यात विष आहे, म्हणून बेडूक नाही. बेडूक नाही हे साहेबाला दाखवलं की साहेबाला नाल्याचं खरं वाटेल. माय मान हलवायची आणि शेवटी डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणायची, "तू पास झाली की व्हईल समदं बराबर." ही बाई ऐकते तरी कशानं, असं माझ्या मनात यायचं. मेंढीच्या नुसत्या चालण्यावरून ती गाभण आहे की नाही ते ओळखायची, आणि पोटच्या पोरीचं एक वाक्य तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

अखेर सरांनी माझ्यासाठी एक गोष्ट केली. पाणी तपासणाऱ्या कार्यालयातले एक मोठे साहेब त्यांच्या ओळखीचे होते. सरांनी त्यांना गाठून सांगितलं की मुलगी नदीवर चांगलं काम करतेय, एकदा येऊन बघा. हर्सूलला बेडूक बघायचे, मग गावाखालच्या डोहावर यायचं, फरक डोळ्यांनी बघायचा, आणि पटलं तर साहेब स्वतः नाल्याची चौकशी लावणार. बंदमुळं भेट पुढं जात राहिली. शेवटी दिवस ठरला. मी गावात निरोप धाडला की साहेब येणार आहेत, डोहावर कुणी कपडे धुऊ नका, मेंढरं आणू नका, काही म्हणजे काही करू नका. हे शेवटचं मी मुद्दाम सांगायला लावलं होतं.

सकाळी हर्सूलला सगळं छान झालं. साहेबांनी पाणबेडूक पाहिले, उड्या पाहिल्या, दोन प्रश्न बरे विचारले. मग जीपनं गावाकडं आलो. माय काठावर ठेवणीतलं लुगडं नेसून उभी होती. मी साहेबांना म्हणाले, "आता इथं बघा, एकही दिसणार नाही." साहेब पुढं झाले, त्यांचा बूट काठावरच्या खड्यांवर वाजला, आणि डोहातून टप टप टप टप एकामागून एक पाणबेडूक पळत सुटले.

मी आधी सरांकडं बघितलं. सर चष्मा पुसत होते. मग मी मायकडं बघितलं. तिचा चेहरा एवढा फुललेला होता की मला सगळं एका क्षणात कळलं.

साहेब हसले. "मॅडम, तुमचे बेडूक तर मजेत आहेत."

"हे इथले नाहीत," मी म्हणाले.

"मग कुठले?"

"फुलंब्रीचे."

"ते काय एस.टी.नं आले?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

साहेब खूप हसले, मनापासून हसले. जीपमध्ये बसेपर्यंत हसत होते. जाताना सरांना एवढंच म्हणाले की जिथं बेडूक असे उड्या मारतात तिथल्या पाण्याची चौकशी लावली तर लोक मला वेड्यात काढतील. सर साहेबांच्या शेजारी बसले आणि जीप गेली.

मग मी मायला जे बोलले ते सांगत नाही. आवाज पार गावात गेला होता. ती बिचारी गोंधळून उभी. तिचं म्हणणं साधं होतं. पोरगी इतकी वर्षं जाळी टाकतेय, बेडूक घावत नाही, आणि आता तर साहेबच परीक्षा घ्यायला येतोय. डोह रिकामा दिसला तर पोरगी नापास होणार. म्हणून तिनं फुलंब्रीला भावाकडं निरोप धाडला. आणि ऐका, निरोपात काय सांगितलं होतं. "पाण्यातच राहतेत ते बारके आण. मोठे पिवळे आणू नको, अन् मोरीतले तं मुळीच नको." सरांना जे पटवताना मी म्हातारी व्हायची बाकी राहिले होते, ते या बाईला तोंडपाठ होतं. माझं प्रत्येक वाक्य तिनं ऐकलं होतं. फक्त त्याचं करायचं काय, ते तिनं तिच्या मनानं ठरवलं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मामा दुधाची कॅन बेडकांनी भरून निघाले. त्या दिवशी शहर बंद. एस.टी.नं त्यांना हर्सूललाच उतरवलं. शहरातून जायला नको म्हणून ते पाहुण्याच्या सायकलीवर कॅन बांधून बाहेरबाहेरून पडेगावकडं आले, तर तिथं नाकाबंदी. शिपाई म्हणाला, "क्या है चाचा इसमें? खोलो." त्याला वाटलं रॉकेल असेल. मामा म्हणाले, "बेडकं हायेत साहेब, भाचीच्या परीक्षेची." शिपायानं झाकण उघडलं आणि एक बेडूक थेट त्याच्या खाकी शर्टावर. हे मामा पुढं प्रत्येक लग्नकार्यात सांगायचे आणि लोक पोट धरून हसायचे. मी पंगतीतून उठून जायची.

ते बेडूक डोहात जगले कसे, हा प्रश्न मला त्या दिवशी छळत होता. उत्तर गुराख्यांकडून कळलं. साहेब येणार म्हणून नाला दोन-तीन दिवसांपासून कोरडाच होता. ती खबर एकट्या मायला नाही, कारखान्यालाही लागली होती. साहेब गेले आणि त्याच आठवड्यात नाला सुटला.

नंतर एका सकाळी उस्मानपुऱ्यात दारावर थाप पडली. दारात माय, हातात तीच दुधाची कॅन. आत येऊन तिनं ती खाली ठेवली आणि झाकण काढलं. पाणबेडूक होते, सगळे मेलेले, पोटं वर. मैत्रिणीनं तोंडाला पदर लावला. माय म्हणाली, "फेस आला अन् दुसऱ्या दिशी समदे तरंगले. घे, तुह्या साहेबाला दाखव आता." एवढं बोलून ती भिंतीला टेकून बसली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चांगल्या नदीचे बेडूक खराब पाण्यात सोडले, आणि ते मेले. त्यांचे भाऊबंद फुलंब्रीत धडधाकट आहेत. जो प्रयोग करू द्या म्हणून मी सरांच्या मागं लागले होते आणि सर बघू म्हणाले होते, तो माझ्या आईनं करून आणला होता. मी राग विसरले, मायला चहा करून दिला, आणि कॅन घेऊन तशीच रिक्षानं साहेबांच्या कार्यालयात गेले. साहेबांनी नाकाला रुमाल लावून आत बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, हे एस.टी.नं आले म्हणून? प्रवास सोसला नसेल, मागाहून मेले असतील."

मी खरं बोलले होते, आणि तेच माझ्या अंगावर आलं. मी कॅन उचलली, वाटेत रिकामी केली आणि परत आले. माय जेवायची थांबली होती. मी म्हणाले, बेडूक ठेवून घेतलेत त्यांनी, विचार करतील.

प्रबंध पुरा व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. मध्ये नोकरी लागली, लग्न झालं, नामांतर झालं. ते झालं त्या दिवशी मैत्रीण माझ्या गळ्यात पडून रडली, तिच्या लेकराला कडेवर घेऊनच आली होती. माझ्या डिग्रीवर विद्यापीठाचं नवं नाव आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. प्रबंधात खाम खोऱ्यासाठी पाणबेडूक ही जात का निवडावी यावर एक अख्खं प्रकरण आहे. परीक्षकांनी ते फार वाखाणलं. नाला होता तसा वाहत राहिला.

डिग्री घेऊन मी गावी गेले तेव्हा मेंढरांच्या वाडग्यात एकच म्हातारी मेंढी उरली होती. बाकीचा कळप मायनं बाजारात विकला होता. गाभडणाऱ्या मेंढ्या ठेवून करायचं काय? ही एक कुणी घेतली नाही म्हणून राहिली, आणि तिला माय डोहावर नेत नव्हती. हातपंपावरून बादली आणून पाजायची.

मी डिग्री तिच्या हातात दिली. तिनं हात लुगड्याला पुसून ती धरली, बराच वेळ बघितली.

"पास झाली व्हय पोरी?"

"झाले."

"मंग आता बंद करतीन ना ते तो नाला?"

ती सांगू लागली, अगदी साध्या आवाजात, "तू पास झाल्याबिगर तुहं कोण ऐकणार व्हतं? म्हणून तं आणविले म्या ते बेडकं. माह्या मेंढरांसाठी."

मी इतकी वर्षं तिच्यावर चिडून होते, की तिला माझ्या डिग्रीचीच पडली होती. मेंढी दावणीला उभी राहून बादलीकडं बघत होती. माय उत्तराची वाट बघत होती, आणि ते दोन अक्षरी उत्तर माझ्या तोंडून कधी गेलं ते मला कळलं नाही.

"बघू," मी म्हणाले.

मायनं डिग्री माझ्या हातात परत दिली, आणि बादली उचलून ती हातपंपाकडं गेली.